दाखल्यावरचं वय

आमच्या गावात पोराला दोन वयं असतात. एक आईला माहीत असतं आणि एक शाळेला. उंब्रजच्या हायवेवरून आत वळलं की आमचं गाव लागतं. घरटी एक तरी माणूस फौजेत गेलेला. भरतीला वयाची अट असते, म्हणून पोरगा झाला की त्याची नोंद करायची घाई कुणी करत नाही. आजा नाहीतर बाप वर्ष-दोन वर्षं तसाच गप्प बसतो, मग ओळखीपाळखीनं हवी ती तारीख घालून आणतो. पोरगं भरतीच्या मैदानात दोन वर्षं जास्त पळू शकतं, एवढाच त्यातला मतलब. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं.

माझा नवरा जयराज असाच कमी केलेल्या वयाच्या जोरावर शेवटच्या संधीला भरती झाला आणि हवालदार होऊन घरी आला. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी आता घेते, आणि एकेरीत घेते.

आमचा यशराज जन्मला त्याच आठवड्यात मागच्या गल्लीत शालनला मुलगी झाली, स्वप्नाली. दोन्ही बाळंतपणं घरीच, एकाच नर्सबाईंच्या हातची. शालनला नंतर ताप आला आणि तो हटेना. तिच्या लेकराला मी महिनाभर माझ्याजवळ घेतलं, एका अंगाला हा आणि एका अंगाला ती. यशराज पीत पीत झोपून जायचा. ती पोरगी मात्र पोट भरेपर्यंत सोडायची नाही. शालननं तिची तारीख खरी लावली. मुलीचं वय मागंपुढं करून काय मिळणार होतं? तिला कुठं भरतीत पळायचं होतं. म्हणून एकाच आठवड्यातली ही दोन पोरं, पण शाळेत ती त्याच्या दोन वर्ग पुढं राहिली.

ती दहावीत असताना तिचा बाप गुंडा गेला. उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. तेराव्याला पटका कुणाच्या डोक्याला बांधायचा यावर भावकी ओट्यावर बसून कुजबुजत होती, कारण घरात मुलगा नव्हता. त्यांची कुजबूज संपेना तशी ही पोरगी उठली, पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि पंगत वाढायला लागली. तो विषय तिथंच संपला. बारावी झाल्यावर ती सांगलीला गेली, कुपवाडच्या एका कारखान्यात मशीनवरचे सुटे भाग तपासायच्या कामाला लागली. चार पोरींत खोली घेऊन राहायची. रविवारी एसटीनं गावाला यायची, आईची औषधं आणायची, घरपट्टीपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं बघून जायची. मला म्हणायची, "काकू, तुमी जरा बारीक झालाय. खाताय का न्हाई?" मला असं विचारणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

आणि आमचा यशराज. त्याचं वय आम्ही सोयीनं वापरायचो. उसाला पाणी पाजायचं असलं की तो लहान, बारावीचं वर्ष आहे, दमतो बिचारा. गणपतीत मंडळाच्या फ्लेक्सवर दाढीला हात लावून उभं राहायचं असलं की मोठा. ताट उचलायला लहान, बापासमोर आवाज चढवायला मोठा. मी बोलले की जयराज म्हणायचा, "पोरगं हाय, हुईल शाणं." कधी होईल ते त्यानं सांगितलं नाही.

त्या रविवारी यशराजला मित्राच्या वाढदिवसाला जायचं होतं आणि तेही चारचाकी घेऊन. जयराज जेवून उठला होता. त्यानं खिशातून किल्ली काढली आणि टेबलावरून पोराकडे सरकवली.

"आवं, लायसन न्हाई त्येचं," मी म्हणाले.

"ह्येच्या वयात मी ट्रक चालवत हुतो," जयराज म्हणाला. "आता काय ल्हान हाय का तो?"

यशराजनं माझ्याकडे बघून डोळा मारला आणि गेला.

तासाभरानं माझा फोन वाजला. यशराज होता. "मम्मी, पप्पांना फोन दे." मी विचारलं काय झालं, तर परत तेच, "पप्पांना दे." बापलेकांचं बोलणं झालं, जयराज चप्पल न घालताच बाहेर पळाला. मला गल्लीतल्या बायकांकडून कळलं. सर्व्हिस रोडला एसटीतून उतरून स्वप्नाली गावाकडे चालत येत होती. गाडीत तीन पोरं, मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. गाडी जोरात आली आणि तिला उडवून पुढं खांबाला जाऊन थडकली. पोरं गाडी तिथंच टाकून उसात पळाली. तिला रस्त्यावरच्या लोकांनी उचललं. कराडला पोचायच्या आधीच तिचा जीव गेला.

यशराज पळाला, हे मला आजही घशाखाली उतरत नाही. धडक कुणाच्याही हातून होते. पण ती कोण आहे हे त्यानं बघितलं होतं. फोनवर त्यानं तिचं नाव घेतलं नाही.

संध्याकाळपर्यंत पोलिसांनी त्याला शोधून ठाण्यात बसवून घेतलं होतं. जयराजनं दहावीचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, लेकरू हाय, सतरा वर्षांचं." दुपारी जो लहान नव्हता तो दिवस मावळायच्या आत लेकरू झाला. त्यांनी कागद बघितला, गुरुवारी साताऱ्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करा म्हणून सांगितलं आणि पोरगं बापाच्या ताब्यात दिलं. घरी येताना जयराजची मान ताठ होती. "माझ्या बाची अक्कल," तो मला म्हणाला. "त्यानं तवा ही रीत घालून दिली म्हणून आज पोरगं वाचलं." यशराज आत आला, त्यानं आंघोळ केली आणि चार्जर कुठं आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी माती झाल्यावर मी शालनकडे गेले. जायची हिंमत नव्हती, पण न जाण्याचीही नव्हती. मला बघून बायका एकेक करून उठून बाहेरच्या सोप्यात गेल्या. शालन भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. मी तिच्या पायांशी बसले, ती हलली नाही.

"रेश्मा," ती म्हणाली, "एकच इचारते. यशराज कितीचा हाय गं?"

"तुला ठाऊक हाय की, बाई."

"मला ठाऊक असून काय उपेग? ती म्हणत्यात कागद बघायचा. म्हंजी माझी पोरगी मोठी बाई आन् तिला मारणारा पोर. एका आठवड्यात जल्मली ती दोगं." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "मला पैसा नगं, काय नगं. तू त्येची आय हाईस. तितं जाऊन खरं सांगशील का?"

मी हो म्हणून मान हलवली. हलवली खरी, पण घरापर्यंत येताना ती मान कुणासाठी हलवली याचा विचार करत आले. एकोणीस म्हटलं की पोरगं जेलात. मी आई आहे, दगड नाही.

मंगळवारी जयराज कराडच्या वकिलांना भेटून आला. गेला तेव्हा छाती पुढं काढून गेला होता, आला तेव्हा खांदे पडले होते. वकिलांनी सांगितलं होतं की मुलगा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, आहे हे ठरलं, तर त्याला फारसं काही होत नाही. पण मग गाडी त्याच्या हातात जाऊ देणारा मोठा माणूस कायद्यानं धरला जातो. पालक किंवा गाडीचा मालक. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जयराज कारखान्यावर सिक्युरिटी सुपरवायझर आहे, माजी सैनिक म्हणून मिळालेली नोकरी. ती आधी जाणार.

त्या दुपारी माझ्या घरात जे झालं ते मी भाकरी थापत ऐकलं.

"मी काय म्हंतो," जयराजनं सुरुवात केली, "आता खरं वय सांगून टाकाय काय हरकत हाय? खऱ्याला भ्यायचं कशाला?"

यशराजनं मोबाईल खाली ठेवला. "पप्पा, मी एकोणीस झालो तर केस माझ्यावर पडंल. मग भरतीचं काय?"

"आन् तू सतरा राह्यलास तर माझ्यावर पडती. सगळी उमर फौजेत घालवली ती जेलात जायला काय रं?"

"किल्ली तुमीच दिली हुती ना?"

"चालवत तू हुतास का मी?"

"मी मायनर हाय, पप्पा. मला काय कळतंय?"

दोन दाढीवाले बाप्ये समोरासमोर बसून एकमेकांना मोठं व्हायला सांगत होते. मला हसू आलं, आणि त्या हसण्याची मला किळस आली. तव्यावरची भाकरी करपली तरी मी उलटली नाही.

मग जयराज माझ्याकडे वळला. आवाज इतका मऊ की लग्नानंतर पहिल्या वर्षी तेवढा असेल. "रेश्मा, गाडी तर तुझ्या नावावर हाय."

होती. घेताना त्याच्या कुणी मित्रानं सांगितलं होतं, वहिनींच्या नावावर घ्या, लक्ष्मी आहे. शोरूममध्ये मला पुढं उभं करून मोठी पुठ्ठ्याची किल्ली हातात दिली होती आणि फोटो काढला होता. खरी किल्ली जयराजच्या खिशात गेली ती परत माझ्या हाती कधी आली नाही. मी त्या गाडीत मागं बसते.

"वकील म्हंत्यात, बाईमाणसाला कोर्ट संबाळून घेतं," जयराज म्हणाला. "मी ड्युटीवर हुतो म्हणायचं. किल्ली कपाटात हुती, पोरानं मागितली, आईचं मन, दिली. एवढंच बोलायचं तू."

"हां मम्मी, तसंच कर ना," यशराज लगेच म्हणाला. सकाळपासून त्या पोराचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला.

मी हात धुतले. "यशराज, रविवारपासनं स्वप्नालीचं नाव एकदा तरी घेतलंस का रं तू?"

"मी काय मुद्दाम केलं का?" तो म्हणाला आणि मोबाईल उचलून आत गेला.

"आता ह्यो इषय कशाला काढतीस त्येच्याम्होरं," जयराज म्हणाला. "टेन्शन घेतो तो."

मी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बाईनं गप्प बसणं म्हणजे हो, अशी आमच्या घरात समजूत आहे.

गुरुवारी साताऱ्याला गेलो. मला वाटलं होतं काळा कोट, उंच खुर्ची, पिंजरा असेल. तसं काही नव्हतं. साधी खोली, लांब टेबल, मध्ये मॅजिस्ट्रेट मॅडम आणि दोन्ही बाजूंना एकेक सभासद. मुलांनी घाबरू नये म्हणून तसं ठेवतात म्हणे. शालन तिच्या भावाबरोबर बाहेरच्या बाकावर बसली होती. आत जाताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

मॅडम यशराजशी फार मायेनं बोलल्या. "बस बाळ. पाणी हवंय का? वय किती तुझं?"

त्यानं बापाकडे बघितलं. बाप वकिलांकडे बघत होता. मग यशराजनं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "आईला विचारा."

मी घरून ठरवून आले नव्हते, हे खरं सांगते. बसमध्ये बसताना मी दोन्ही उत्तरं मनात म्हणून बघितली होती आणि एकही पुरं म्हणता आलं नव्हतं. पण ते बोट बघितलं आणि माझं डोकं फिरलं. तू कितीचा आहेस एवढंही तुला स्वतःच्या तोंडानं सांगता येत नाही. तेही आईनंच सांगायचं, गाडीची किल्लीही आईनंच दिली म्हणायचं, जेललाही आईनंच जायचं, आणि वर तू दाढी कोरून फिरायचं.

"मॅडम, त्याला एकोणीस पुरी झाली," मी म्हणाले. "शाळेत दोन वर्षं कमी लावलीत. आमच्याकडे सगळेच लावतात. मेलेली पोरगी आणि हा एकाच आठवड्यातले आहेत."

वकील उठले आणि घाईनं म्हणाले, की बाईंना धक्का बसला आहे, प्रमाणपत्र समोर आहे. मॅडमनी मला गाडीबद्दल विचारलं. मी सांगितलं, गाडी माझ्या नावावर आहे, किल्ली माझ्याकडे कधीच नसते. त्या दिवशी ती यांनी दिली, मी नको म्हणत होते. जयराजनं माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्या ओळखीची कुणी नव्हेच.

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "तुमचं म्हणणं नोंदवलंय, आई. पण दहावीचं प्रमाणपत्र असताना कायद्याला तेच धरावं लागतं. तुमच्या सांगण्यावर आम्हाला वय बदलता येत नाही." एवढं बोलून त्यांनी दुसरा कागद पुढं केला. "चौकशी चालू राहील, तोवर मुलाला घरी नेता येईल. पालकांपैकी एकानं हमी द्यायची. त्याच्यावर लक्ष ठेवू, त्याच्या वागण्याची जबाबदारी घेऊ, अशी. तुम्ही सही करता?"

कागद माझ्यासमोर आला. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलले आणि त्याचं बक्षीस म्हणून माझं पोरगं मलाच लहान करून परत मिळत होतं.

"मी नाही करणार," मी म्हणाले. "मोठ्या माणसाची हमी मी कशी घेऊ? त्याची त्यानं घ्यावी."

"तो अज्ञान आहे, त्याची सही चालत नाही," एक सभासद म्हणाले. मॅडमनी कागद जयराजकडे फिरवला. जयराजनं पेन हातात घेतलं. वकिलांनी वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, बहुतेक हेच की आता पालक म्हणून सही केली तर पालक म्हणून नाव पक्कं होईल. जयराज पेन धरून बसून राहिला. सरहद्दीवर वीस वर्षं काढलेला माणूस. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते.

"जरा इचार करून सांगतो," तो म्हणाला आणि पेन टेबलावर ठेवलं.

मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा जयराजकडे. आईबाप दोघं समोर बसलेले आणि पोराला न्यायला कुणी नाही, असं त्यांच्यापुढे रोज येत नसावं. "मग तोवर मुलगा निरीक्षणगृहात राहील," त्या म्हणाल्या.

साध्या कपड्यातला एक माणूस दारातून आत आला. यशराजला अजून कळलं नव्हतं. त्या माणसानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं. "पप्पा, करा की सही," तो म्हणाला. जयराज भिंतीकडे बघत होता. मग यशराज माझ्याकडे वळला. "मम्मी, कर ना. मम्मी." दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाज फुटला आणि तो ओठ काढून रडायला लागला, पहिल्या दिवशी बालवाडीत सोडलं तेव्हा रडला होता तसा. त्या क्षणी तो सतराचाही वाटत नव्हता. माझा हात कागदाकडे गेला होता. मी तो दुसऱ्या हातानं धरून मांडीवर दाबून ठेवला. जीव तुटत होता आणि मी बसून राहिले. त्याला घेऊन गेले.

बाहेर आल्यावर जयराज म्हणाला, "तू आई न्हाईस, कोण हाईस तू?" आणि वकिलांच्या गाडीत बसून निघून गेला. मला चल म्हणाला नाही. मी चालत एसटी स्टँडवर आले आणि कराडची गाडी धरली. आत शालन होती. तिचा भाऊ पुढं उभा होता. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, दुसरीकडे कुठं जागा नव्हती. मी दांडी धरून उभी राहिले. थोड्या वेळानं तिनं मांडीवरची पिशवी घट्ट धरून खिडकीकडे सरकून घेतलं, तेव्हा मी बसले.

उंब्रज जवळ आलं. मला आतून वाटत होतं की तिनं काहीतरी म्हणावं. मी खरं सांगितलं, तिला दिलेला शब्द पाळला, स्वतःचं पोरगं तिथं ठेवून आले, एवढ्याचं तरी तिनं काही म्हणावं. लाज वाटते सांगायला, पण वाटत होतं. शेवटी मीच म्हणाले, "शालन, सांगितलं मी. खरं ते सांगितलं. ठेवून आले त्याला."

शालननं मान डोलावली. सर्व्हिस रोड सुरू झाला होता, ती बाहेर बघत होती.

"तुझा येईल की परत," ती म्हणाली.